जेरोमचा शब्द आणि आपली भाकर

(महाबळेश्वर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी या डोंगरावरच्या मुलांना आयुष्यभर भाषा शिकवल्या. म्हणून मी भाषांतराचा विषय घेतला आहे. भाषांतरावर मोघम बोलायला मला आवडत नाही, त्यामुळे आज एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द ग्रीकमधून लॅटिनमध्ये गेला, लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि फिरत फिरत आपल्या दख्खनच्या चुलीपाशी आला.

ख्रिस्ती बांधव जिला प्रभूची प्रार्थना म्हणतात, ती आपल्यापैकी अनेकांनी मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात कधी ना कधी ऐकली असेल. तिच्यातली बहुतेक मागणी स्वर्ग, राज्य, क्षमा, मोह अशा मोठ्या गोष्टींची आहे. मध्येच एक मागणी पोटाची येते: रोजची भाकर. लहान मुलालाही कळेल इतकी ती साधी आहे. पण यातल्या ‘रोजची’ या शब्दाखाली मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याचा अर्थ गेली अठराशे वर्षं कुणालाही खात्रीनं सांगता आलेला नाही.

शब्द आहे ‘एपिऊसिऑस’. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात तो येतो. त्याच काळाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या ख्रिस्ती पुस्तकातही आहे, पण तिथेही याच प्रार्थनेत. या प्रार्थनेबाहेरच्या ग्रीक साहित्यात, नाटकात, इतिहासात तो सापडत नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या पंडितानं हे नोंदवून ठेवलं आहे. ओरिजेनची मातृभाषा ग्रीक. तो सांगतो की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि बाजारातल्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. येशू अरामी बोलत होता. त्याच्या तोंडचा मूळ अरामी शब्द कोणता, ते गेलं. उरला हा ग्रीक शब्द, आणि तो दोन रीतींनी फोडता येतो. ‘एपि’ म्हणजे वर किंवा साठी आणि ‘ऊसिआ’ म्हणजे अस्तित्व, सत्त्व असं धरलं, तर अर्थ होतो ‘जगण्यापुरती’ भाकर, किंवा ‘सत्त्वाच्या पलीकडची’ भाकर. ‘येणारा दिवस’ या अर्थाच्या ‘एपिऊसा’वरून तो आला असं धरलं, तर होते ‘उद्याची’ भाकर.

आता लॅटिनकडे येऊ. इ.स. 382 मध्ये पोप दमासस यांनी जेरोम या पंडिताकडे लॅटिन शुभवर्तमानांची डागडुजी सोपवली. त्याआधीच्या जुन्या लॅटिन भाषांतरांत दोन्ही ठिकाणी ‘क्वोतिदियानुम’ म्हणजे ‘रोजचा’ असा शब्द होता. लोक तीच प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या म्हणत होते. जेरोमनं मत्तयातला शब्द काढला आणि त्या जागी ‘सुपरसुब्स्तांतियालेम’ असा नवा लॅटिन शब्द बसवला. ‘एपि’ला ‘सुपर’, ‘ऊसिआ’ला ‘सुब्स्तांतिया’. ग्रीक शब्दाचा एकेक अवयव घेऊन त्यानं लॅटिन शब्द जुळवला, म्हणजे नव्यानं घडवलेल्या शब्दाला नव्यानंच घडवलेला शब्द दिला. आणि लूकमध्ये? लूकमध्ये त्यानं जुनं ‘क्वोतिदियानुम’ तसंच राहू दिलं. एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, एकच भाषांतरकार, आणि दोन वेगळे लॅटिन शब्द.

याला विसंगती म्हणून दोष देणारे बरेच आहेत. माझं मत त्यांच्या उलट आहे. पुढे बेथलेहेमला राहून मत्तयावर भाष्य लिहिताना जेरोमनं आणखी एक गोष्ट सांगितली. इब्री ख्रिस्ती लोकांच्या एका शुभवर्तमानात या ठिकाणी त्याला ‘माहार’, म्हणजे ‘उद्या’, हा शब्द आढळला होता. म्हणजे त्याच्यासमोर तीन अर्थ होते आणि तिन्ही त्यानं वाचकापुढे ठेवले: एक मत्तयात, एक लूकमध्ये, एक भाष्यात. त्याच सुमारास पम्माखियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपली रीत मांडली आहे. एरवी तो शब्दाला शब्द न देता अर्थाला अर्थ देतो, पण पवित्र ग्रंथाची गोष्ट वेगळी, कारण तिथे शब्दांच्या क्रमातसुद्धा गूढ आहे. अर्थ ठाऊक नसताना तो ठाऊक असल्यासारखा लिहून टाकणं सोपं असतं. जेरोमनं तसं केलं नाही, आणि या एका जागेसाठी मी त्याला मोठा भाषांतरकार मानतो.

पण लोकांनी त्याचं ऐकलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. रोमन चर्चच्या उपासनेत ही प्रार्थना मत्तयाच्या रूपात म्हटली जाते, मात्र त्यात जेरोमचा लांबलचक शब्द कधी शिरलाच नाही. लोक जुनं ‘क्वोतिदियानुम’च म्हणत राहिले. 1546 मध्ये त्रेंतच्या परिषदेनं जेरोमचं लॅटिन बायबल प्रमाण ठरवलं, तरी मिस्सामध्ये लोकांच्या ओठी ‘रोजची’च राहिली.

इंग्रजीत काय झालं ते पाहू. चौदाव्या शतकाच्या शेवटी जॉन विक्लिफच्या प्रेरणेनं इंग्रजी बायबल झालं ते लॅटिनवरून. त्या मंडळींसमोर जेरोमचा शब्द होता. त्यांनी तो इंग्रजीत तसाच फोडून लिहिला: इतर सत्त्वाच्या वरची भाकर. नांगर धरणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याला त्यातून काय उमगलं असेल? तरीही त्या भाषांतरकारांची निष्ठा खरी होती. लॅटिन शब्द जसा होता तसाच त्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिला. विक्लिफ 1384 मध्ये वारला. 1415 मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं आणि 1428 मध्ये त्याची हाडं उकरून जाळून राख नदीत टाकली.

विल्यम टिंडल थेट ग्रीकवरून गेला. 1526 च्या त्याच्या नव्या करारात ‘डेली ब्रेड’ आला, 1611 च्या राजा जेम्सच्या बायबलानं तोच ठेवला, आणि आज जगभर इंग्रजीत ही प्रार्थना त्याच शब्दांत म्हटली जाते. टिंडलला 1536 मध्ये गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिक पंडितांनी 1582 मध्ये फ्रान्समधल्या रॅन्स इथून लॅटिनवरून केलेला इंग्रजी नवा करार छापला. त्यांनी पुन्हा जेरोमची वाट धरली: मत्तयात ‘सुपरसब्स्टॅन्शियल ब्रेड’, लूकमध्ये ‘डेली ब्रेड’. ज्या मुद्द्यावर जेरोम थांबला होता, त्याच मुद्द्यावर तेही थांबले.

एकोणिसाव्या शतकात वाटलं की गाठ सुटली. इजिप्तमध्ये हवारा इथे फ्लिंडर्स पेट्रीला उत्खननात एक पपायरसचा तुकडा मिळाला आणि तो 1889 मध्ये प्रसिद्ध झाला. तो कुणाच्या तरी घरखर्चाचा हिशेब होता. हरभरे, पेंढा अशा नोंदी, आणि मध्ये एक अर्धवट शब्द, जो सेस या पंडितानं ‘एपिऊसि...’ असा वाचला. घरखर्चाच्या यादीत येतो म्हणजे त्याचा अर्थ ‘रोजचा शिधा’ असला पाहिजे, असं अनेकांनी धरलं आणि शब्दकोशांतही तसं गेलं. नंतर तो तुकडा हरवला. शंभरहून अधिक वर्षांनी, 1998 मध्ये, तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. दोन डच अभ्यासकांनी तो पुन्हा नीट वाचला, तेव्हा तिथे ‘एलाइऊ’ म्हणजे तेल असा शब्द निघाला. हरभऱ्याच्या शेजारी तेल. म्हणजे ओरिजेनचं म्हणणं अजून खोडलं गेलेलं नाही.

आता आपल्या मुलखात येऊ.

जेरोमचं लॅटिन बायबल हाच ज्याचा धर्मग्रंथ होता असा एक इंग्रज मराठीचा मोठा कवी झाला. थॉमस स्टीफन्स विल्टशरचा. रोममध्ये जेझुइट झाला आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. रॅन्सचं इंग्रजी भाषांतर तीन वर्षांनी छापलं गेलं, तेव्हा तो साष्टीत होता. 1616 मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या, मराठी भाषा आणि रोमन लिपी, कारण मराठीचे खिळे त्या छापखान्यात नव्हते. त्यानं बायबलाचं शब्दशः भाषांतर केलं नाही. त्रेंतच्या परिषदेनंतर लोकभाषेतल्या बायबलावर रोमचे कडक निर्बंध होते. मग त्यानं आपल्याकडची पुराणाची रीत घेतली. पुराणात निवेदक सांगतो आणि श्रोते शंका विचारतात, त्यामुळे लॅटिनमधली अवघड जागा एका शब्दात कोंबावी लागत नाही, चार ओव्यांत उलगडता येते. जेरोमला जे दोन ठिकाणी दोन शब्द वापरून करावं लागलं, ते ओवीच्या ऐसपैस चालीत आपसूक साधतं. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्याला हे काव्य मिळालं ते हस्तलिखितांतून. 1907 मध्ये मंगळूरला साल्डान्हा यांनी ते संपादून छापलं आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनानं ते देवनागरीत आलं.

शब्दाला शब्द देणारं मराठी बायबल एकोणिसाव्या शतकातलं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्यानं आरंभ केला आणि 1811 मध्ये नवा करार छापला. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826 मध्ये आपला वेगळा नवा करार काढला. या अमेरिकनांपैकी एकाचा इथे, महाबळेश्वरी, आवर्जून उल्लेख केला पाहिजे. ॲलन ग्रेव्ह्ज 1818 मध्ये मुंबईला आले, बायबलाच्या मराठी भाषांतराच्या कामात त्यांनी आयुष्य घातलं, आणि 1843 मध्ये ते माल्कम पेठेत वारले. माल्कम पेठ म्हणजे आपण आत्ता बसलो आहोत तीच वसाहत. गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेऊन ती वसवल्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. बाजारात हिंडताना आपण इथल्या गव्हर्नरांची आणि पॉइंटांची नावं वाचतो. मराठी वाक्यावर इतकी वर्षं घाम गाळणारा हा माणूस आपल्या गावच्या इतिहासात असायला हवा.

या मंडळींनी इंग्रजीतल्या ‘ब्रेड’साठी मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘अन्न’ हा शब्द तयार होता. तो भारदस्त आहे, त्यामागे तैत्तिरीय उपनिषदातली अन्नमय कोशाची सगळी विचारपरंपरा आहे, आणि जेरोमच्या ‘सत्त्वाच्या पलीकडच्या’ अर्थालाही त्यात वाट मिळाली असती. ‘पोळी’ होती, पण ती सणावाराची आणि सुखवस्तू घरातली. ‘पाव’ पोर्तुगिजांबरोबर आलेला, किनाऱ्यावरचा. मराठी बायबलात रुळली ती भाकर. प्रार्थनेत रोजची भाकर, योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला म्हणवतो ती जीवनाची भाकर. मला वाटतं, मराठी गद्याच्या इतिहासात इतका धीट आणि इतका अचूक निर्णय क्वचितच झाला असेल.

भाकर म्हणजे काय हे या डोंगरावर सांगायला नको, तरी क्षणभर जवळून पाहू. खाली माण-खटावात ज्वारी-बाजरीची, इथे जावळीच्या उतारांवर नाचणीची. आधणाच्या पाण्यात पीठ उकडून घ्यायचं, परातीत तळहाताच्या बुडानं रगडून मळायचं, थापताना कड फाटू द्यायची नाही. तव्यावर पडली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं आणि उलटून पापुद्रा सुटला की आरावर उभी करून फुगवायची. ती हातानं मोडता येते. शेवटच्या भोजनाच्या वेळी भाकर मोडल्याचं वाचताना आपल्याला काही समजून घ्यावं लागत नाही. अन्न मोडता येत नाही. भाकरीला मापही असतं: अख्खी, अर्धी, चतकोर, नितकोर. भुकेचा हिशेब भाकरीतच मांडला जातो.

आणि जेरोमच्या भाष्यातली ती तिसरी वाट, ‘उद्याची’ भाकर? पाश्चात्त्य पंडितांना हा अर्थ अडचणीचा वाटत आला आहे. उद्याची चिंता करू नका असं मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात सांगणारा गुरू उद्याची भाकर आज कशी मागायला लावील? आपल्या घरांत याचं उत्तर रोज रात्री दुरडीत असतं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना बाई दोन जास्त थापते. सकाळी कामावर जाणाऱ्याची न्याहारी त्यावर होते, तिखटाबरोबर किंवा दुधात कुस्करून. ती शिळी भाकर म्हणजे उद्याची भाकर आजच मिळणं. ती दुरडीत असली की माणूस निवांत झोपतो. त्या माणसाला उद्याची चिंता करू नका असं सांगण्यात काही विसंगती नाही.

‘रोजची’ या शब्दात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती ‘डेली’त नाही. आपल्याकडे ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरीही. बाया स्ट्रॉबेरीच्या मळ्यात रोजानं जातात, ‘रोज किती देता?’ असं विचारतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांनाही अख्खा रोज देतो. त्या मजुरांचं हातावर पोट होतं आणि प्रार्थना त्यांच्यासाठीच होती. याच सातारा-सांगलीच्या पट्ट्यानं 1972 चा दुष्काळ सोसला, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरवल्या, आणि याच पट्ट्यातल्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार राज्याच्या गळी उतरवला. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. उद्या काम मिळेल, म्हणजे उद्या भाकर मिळेल, हे त्या कायद्याचं मूळ. प्रार्थनेतल्या या शब्दावर मला पटलेलं दुसरं भाष्य कुणी लिहिलेलं नाही.

भाकर घेतल्यानं काही हातचं गेलं, तेही मांडतो. बायबलात आंबवलेली आणि न आंबवलेली असा भेद फार महत्त्वाचा आहे. वल्हांडणाच्या सणात खमीर चालत नाही, म्हणून मराठी बायबलात ‘बेखमीर भाकर’ असा शब्दप्रयोग आला. पण आपली भाकर मुळातच बेखमीर. साताऱ्याच्या वाचकाला प्रश्न पडतो की खमीर घातलेली भाकर असते तरी कशी? स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे, थोडं असलं तरी सगळं पीठ फुगवतं, हा दृष्टांत आपल्या परातीत बसत नाही. हा तोटा खरा आहे आणि तो टीप देऊन भरून काढावा लागतो. तरीही मी भाकरच निवडीन.

हे इतक्या ठामपणे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पंडिता रमाबाई आहेत. 1874 च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात भटकत असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे उपासमारीनं गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. संस्कृत मुखोद्गत असलेलं ते कुटुंब अन्नावाचून संपलं. पुढे 1896 च्या दुष्काळात हीच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आली, आणि 1900 च्या सुमारास तिच्या केडगावच्या मुक्तिसदन आश्रमात दोन वेळच्या पंगतीला शेकडो माणसं बसत होती. या बाईनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची दीडेक दशकं खर्चून, अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. साध्या बायकांना वाचता यावं ही तिची अट होती. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या आश्रमातल्याच स्त्रिया. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. जेरोमपाशी व्याकरण होतं, ओरिजेनपाशी मातृभाषेचा कान होता. या शब्दापाशी पोहोचलेल्या भाषांतरकारांत भुकेचा असा अनुभव घेऊन आलेली व्यक्ती मला दुसरी माहीत नाही.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केलं. 2020 मध्ये धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईचा हा माणूस 2024 मध्ये आपल्यातून गेला. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत चारशे वर्षांची ही परंपरा आहे, आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत तिला मिळणारी जागा मला फार अपुरी वाटते.

माझी एक मागणी आहे, आणि मराठी विश्वकोशाचं घर असलेली वाई इथून घाट उतरला की हाकेच्या अंतरावर आहे म्हणून ती इथेच करतो. कॅरी, अमेरिकन मिशन, बायबल सोसायटी, रमाबाई, दिब्रिटो यांनी ही एक प्रार्थना मराठीत कशी कशी आणली, ते सगळे पाठ शेजारी शेजारी छापणारं एक छोटं पुस्तक निघालं पाहिजे. त्यात जेरोमचे दोन्ही लॅटिन पाठ असावेत, विक्लिफ आणि रॅन्सचे इंग्रजी पाठ असावेत, गोव्याची कोकणी आणि वसईची सामवेदी असावी. त्यातला छापील भाग ग्रंथालयांतून मिळेल, त्याला पाच-दहा वर्षं लागली तरी चालेल. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी, म्हणजे 1962 च्या आधी, ज्यांनी लहानपणी ही प्रार्थना चर्चमध्ये लॅटिनमध्ये ऐकली, पाठ केली आणि घरी बोलीत म्हटली, ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या तोंडून ती दोन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करून घ्यायला याच वर्षी सुरुवात व्हायला हवी. हे काम अंगावर घ्यायला कुणी तरुण तयार असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटा.